जिन्याखालची जास्वंद

एकोणीसशे एकसष्ट साली काडी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, आणि त्या वर्षी तिचा जीव एकाच गोष्टीनं टांगणीला लागला होता: जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. विषय नावडता असता तर एवढं काही वाटलं नसतं. नावडत्या विषयात आपटलं की माणूस हात झटकून मोकळं होतं. पण जीवशास्त्र तिला मनापासून आवडायचं. बेडकाच्या हृदयाला तीनच कप्पे असतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं.

काडी हे अर्थातच टोपणनाव. अंगानं इतकी बारीक, की खरं नाव हजेरीपुरतंच उरलं. आत्या म्हणायची, "नावाचीच काडी. आग लावायची वेळ आली तर ही आधी सर्दीनं मऊ पडायची."

ही आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा झाली आणि भावाकडे आली ती कायमचीच. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिवणयंत्र होतं. चार शाळांचे गणवेश तिच्या हातून जायचे आणि कामाला ती एकटी पुरी पडत नव्हती. बाबा बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायचे. कितीही साबण लावला तरी त्यांच्या नखांतलं काळं निघायचं नाही. आई घर बघायची. आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण लेकीच्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घालावीत तर तिनंच.

काडीचं पुढे काय करायचं यावर घरात वर्षभर कुजबुज चालली होती. शेवटी बाबांनी जेवताजेवता निकाल लावून टाकला. जीवशास्त्रात पहिला वर्ग मिळाला तर शाळा तिला पुढच्या विज्ञानाच्या वर्गासाठी शिफारस देणार, मग ते कसंही करून शिकवणार. नाही मिळाला तर आत्याच्या हाताखाली बसायचं. यात त्यांनी आवाज चढवला नाही की रागावले नाहीत, म्हणून तर त्यात बदल होणार नाही हे काडीला कळलं. आत्यानं पानातून वर न बघता म्हटलं, काजं करायला बारीक बोटं चांगली असतात.

त्या रात्री काडीनं जीवशास्त्राची वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली.

जीवशास्त्र शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना मुली पाठीमागे अमीबाबाई म्हणत. वर्गात त्या कुठून कशा सरकत येतील याचा नेम नसे, आणि एकदा का कुणाला घेरलं की सुटका नाही. आकृतीत छायाकाम केलं की कागद फाडायच्या. "हे काय निसर्गचित्र आहे? पेन्सिलीला टोक कर. नावं उजवीकडे, एकाखाली एक." काडीच्या आकृत्या त्यांनी कधी फाडल्या नाहीत, पण चांगल्या आहेत असंही कधी म्हणाल्या नाहीत.

परीक्षेचा मुख्य प्रयोग असा होता. झाडाचं पान उन्हात अन्न तयार करतं आणि त्याचा स्टार्च पानात साठतो. हे दाखवायला दोन पानं घ्यायची, एक उन्हातल्या झाडाचं आणि एक दोन दिवस अंधारात ठेवलेल्या झाडाचं. दोन्ही स्पिरिटमध्ये उकळून त्यांचा हिरवा रंग काढायचा, बशीत पसरायची आणि वर आयोडीन टाकायचं. उन्हातलं पान काळंनिळं होतं. अंधारातलं पिवळट राहतं, कारण त्याच्यात स्टार्च उरलेलाच नसतो.

शाळेत एवढ्या कुंड्या अंधारात ठेवायला जागा नव्हती. म्हणून प्रत्येकीनं आपलं झाड घरी ठेवायचं आणि परीक्षेला झाकून आणायचं, अशी त्या शाळेची रीतच होती. काडीकडे जास्वंद होती. जागा तिनं जिन्याखालच्या कपाटाची धरली. वर दुसरं बिऱ्हाड होतं, त्यांची मुलं जिना वरखाली तुडवायची आणि प्रत्येक धावेला कपाटात चुन्याची भुकटी गळायची. पण काळोख असा, की स्वतःचा हात दिसू नये. अडचण एवढीच, की त्याच कपाटात आत्याच्या कापडाची गाठोडी होती. काडीनं ती हलवायला सांगितली तेव्हा आत्या कुरकुरत उठली.

"झाडाला कोंडायचं, मग त्याचं पान तोडून उकळायचं, आणि याला म्हणायचं जीवशास्त्र," आत्या म्हणाली. "यापेक्षा माझं बरं. मी कापते, पण पुन्हा शिवून तरी देते."

आईनं मात्र नीट विचारलं. ती भांडी विसळत होती. काडीनं तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की पानं उन्हात आपलं आपण खातात, अंधारात खायला मिळत नाही, साठवलेलं संपून जातं.

"म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं?" आईनं विचारलं.

"हो, तसंच समज."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

आईचा हात ताटावर थांबला. मग तिनं विचारलं, की परीक्षक ते झाड बघतात का. काडी म्हणाली, बघणारच की, त्यांच्यासमोरच तर ठेवायचं असतं. आई "बरं" म्हणाली आणि ताट पालथं घालून ठेवलं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी बाईंनी रंगीत तालीम घेतली. काडी दुपारच्या सुट्टीत घरी आली, कपाटातली कुंडी काळ्या कापडात गुंडाळली आणि शाळेत नेली. पान उकळलं, बशीत पसरलं, आयोडीनचे थेंब टाकले. पिवळट राहायचं पान तिच्या डोळ्यांदेखत काळं पडत गेलं, कडेपासून शिरेपर्यंत. शेजारी बेकरीवाल्याची मुलगी होती, तिची बाकावरची जोडीदारीण. तिचं पान लोण्यासारखं पिवळं राहिलं होतं.

अमीबाबाई सरकत आल्या आणि दोन्ही बशा बघितल्या. "कपाटाला फट असणार," त्या म्हणाल्या. "परीक्षेत हे असं दाखवलंस तर पहिला वर्ग विसर."

काडी घरी आली ती थेट कपाटात शिरली आणि दार आतून ओढून बसली. आत्यानं विचारलं, हिला पण उपाशी ठेवायचंय का. आत फट म्हणून नव्हती. तरीही तिनं खळ शिजवली आणि दाराच्या कडेनं जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. चिकटवताना तिच्या मनात आलं की फट नसेल तर दार उघडलं गेलं असणार. आणि मग एक विचार तिच्या डोक्यात शिरला, तो पिनेसारखा रुतूनच बसला. कपाटाची सवय आत्याला होती. काजं करायला बारीक बोटं आत्याला हवी होती.

आपण नापास व्हावं असं घरातल्याच माणसाला वाटतं, ही कल्पना वाईट असते. पुढच्या खोलीत यंत्राची खडखड चालू असली की काडीला बरं वाटे आणि ती थांबली की हातातलं पुस्तक तसंच राही. आता उठली असेल, आता कपाटाकडे गेली असेल. ती काही ना काही निमित्त काढून डोकावून येई. आत्या दोरा ओवत बसलेली असे.

परीक्षेला दोन दिवस राहिले तेव्हा कुंडी पुन्हा कपाटात गेली. काडी आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, परीक्षा होईपर्यंत कपाटाला हात लावू नकोस. मला सगळं माहीत आहे."

आत्यानं दातानं दोरा तोडला. "काय माहीत आहे?"

आत्या काहीतरी बोलणार असं वाटलं, पण मग तिनं यंत्राचं चाक फिरवलं आणि एका हाफपँटची शिवण शेवटापर्यंत नेली.

तेवढ्यानं काडीचं समाधान होईना. तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, की मी शाळेत असताना कपाटावर नजर ठेव, कुणालाही कुंडीला हात लावू देऊ नकोस. माझं सगळं त्याच्यावर आहे. आई गंभीर झाली. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरला आणि सांगितलं, की काळजी करू नको, मी असताना कुणाची हिंमत नाही. पुढचे दोन दिवस काडी शाळेत थोडा तरी श्वास घेऊ शकली ती या भरवशावर.

परीक्षा दुपारची होती. सकाळी बाईंनी मुलींना उजळणीला बोलावलं होतं. काडी खायला नको म्हणत होती, पण आईनं तिला दारातून परत फिरवलं. "रिकाम्या पोटानं परीक्षा होते का कुणाची?" म्हणत समोर बसून दोन पोळ्या आणि दूध संपवायला लावलं. दुपारी काडी धावत घरी आली. कपाट बंद होतं, सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. उजेड लागू नये म्हणून तिनं दार जेमतेम किलकिलं केलं, अंधारातच चाचपडत कुंडीवर कापड टाकलं आणि कडेवर मूल घ्यावं तशी ती घेऊन निघाली. आत्या दारापर्यंत आली. "काडे," तिनं हाक मारली. पण काडी वळली नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली. खिडक्यांना पडदे लावून ती अर्धी अंधारी केली होती. स्पिरिटच्या वासानं डोकं जड होत होतं. बाहेरून आलेले परीक्षक एक किडकिडीत गृहस्थ होते. सर्दीनं हैराण झाल्यामुळे रुमाल त्यांच्या हातातून सुटत नव्हता, आणि दर टेबलापाशी ते आधी शिंकत, मग प्रश्न विचारत. त्यांच्या मागे अमीबाबाई हात बांधून उभ्या होत्या. आज बाईही घाबरलेल्या आहेत हे मुलींनी पहिल्यांदाच पाहिलं.

काडीनं आपल्या टेबलावर कुंडी ठेवली आणि कापड काढलं.

जास्वंद लखलखत होती. एकेक पान धुतलेलं, दोन्ही बाजूंनी पुसलेलं. त्या कपाटात रात्रभर चप्पल ठेवली तर सकाळी पांढरी होते, आणि हिच्यावर चुन्याचा कण नव्हता. माती ओली होती. फांदी थोडी कलती होती, ती सरळ उभी राहावी म्हणून शेजारी एक काटकी रोवून चिंधीनं बांधली होती. चिंधी जुन्या अभ्र्याची होती आणि तिची गाठ दोन पाकळ्यांच्या फुलासारखी, एका ओढीत सुटेल अशी होती. काडीच्या वेण्यांना आई लहानपणापासून हीच गाठ मारत आली होती.

काय झालं होतं ते तिला एका क्षणात सगळं दिसलं. ती शाळेला गेली की आई कपाट उघडत होती, कुंडी मागच्या खिडकीत उन्हाला ठेवत होती, आणि लेकीची यायची वेळ झाली की परत आत. सुटलेल्या पट्ट्या पुन्हा चिकटवतही असेल. परीक्षक झाड बघणार म्हटल्यावर ते मरगळलेलं कसं पाठवायचं? मार्क जातील! आणि उपाशी ठेवायचं, परीक्षेला जाणाऱ्याला? कुणाचीही हिंमत नाही म्हणाली होती, त्या कुणाहीमध्ये तिनं स्वतःला धरलंच नव्हतं.

आता हे पान काळं होणार, याची काडीला आयोडीनची बाटली उघडायच्या आधीच खात्री होती. आणि हेच पान घेऊन तिला प्रयोग करायचा होता, पहिल्या पायरीपासून.

बेकरीवाल्याच्या मुलीनं तिचा उतरलेला चेहरा बघितला. झाडाकडे बघितलं. ती पोरगी भट्टीच्या घरात वाढलेली, कशाचं काय होणार हे तिला लवकर कळायचं. तिनं टेबलाखालून हात पुढे केला. हातात तिच्या झाडाचं एक पान होतं, अंधारातलं.

"घे. माझ्याकडे जास्तीचं आहे."

काडीनं ते घेतलं. घेतलं हे खरं. मुठीत धरून ती उभी राहिली. एकदा स्पिरिटमध्ये गेलं की काम झालं. शिफारस, विज्ञान, पुढचं सगळं. तिनं मूठ थोडी उघडून बघितलं. पान लांबोळकं, गुळगुळीत कडांचं होतं. तिच्या जास्वंदीचं पान रुंद, कडांना करवतीसारखे दाते. पहिल्या घटक चाचणीतले पानांचे प्रकार ज्या मुलीला आठवतात तिलाही फरक कळला असता, परीक्षकांना तर सर्दीतही कळला असता. तिनं पान टेबलाखालून परत केलं. पुढे आयुष्यात कुणी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं की ती कडांच्या दात्यांचं सांगायची.

तिनं आपल्या जास्वंदीचं पान तोडलं. उकळलं. हिरवा रंग सुटून स्पिरिटमध्ये उतरला. बशीत पान पसरलं, आयोडीन टाकलं. शेजारच्या बशीत उन्हातलं पान होतं. थोड्या वेळात कुठलं कुठलं हे ओळखू येईना.

परीक्षक आले, शिंकले आणि बशांवर वाकले. "यातलं अंधारातलं कुठलं?"

"एकही नाही," काडी म्हणाली. "हे ठेवलं होतं अंधारात. पण राहिलं नाही."

"कशावरून?"

तिनं सांगितलं. चुन्याची भुकटी नाही, माती ओली आहे, पानं पुसलेली आहेत. काटकी मी बांधलेली नाही. तिनं गाठीकडे बोट दाखवलं आणि तिथे ती अडखळली.

"मग कुणी बांधली?"

मागच्या टेबलांवरची खसखस तिला ऐकू आली. अमीबाबाईंनी मान खाली घातली होती. आईला या लोकांसमोर उभं करावं लागणार होतं, आणि दुसरा रस्ता नव्हता.

"आईनं. परीक्षेला जायचंय म्हणून तिनं ते उन्हात ठेवलं असणार."

"आईला तू काय सांगितलं होतंस?"

"की दोन दिवस त्याला उपाशी ठेवायचंय."

परीक्षकांनी रुमाल नाकावरून खाली घेतला. "आईला सांगितलंस? आणि ती ठेवेल असं वाटलं तुला?"

मुली हसल्या. ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग या प्रयोगातून काय सिद्ध झालं. पाठ केलेला निष्कर्ष काडीच्या तोंडाशी आला होता, ती जवळजवळ म्हणूनच गेली. मग म्हणाली, ऊन मिळालेल्या पानात स्टार्च होतो, एवढंच. दोन्ही पानं तेवढंच सांगतात.

"आणि काय सिद्ध नाही झालं?"

"अंधारात काय होतं ते. ते मला आज दाखवता येणार नाही."

त्यांनी मान हलवली की सर्दीनं ती आपोआप हलली हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, हातानं झाकून, आणि बेकरीवाल्याच्या मुलीकडे वळले.

घरी आई दारातच उभी होती. "कसं दिसत होतं?" तिनं पहिला प्रश्न हा विचारला. काडी वाटेत बरंच काही ठरवून आली होती, काय काय बोलायचं ते. पण आईच्या चेहऱ्यावर परीक्षा स्वतःच देऊन आल्यासारखी धास्ती होती. ती बघून काडी म्हणाली, सगळ्यांत टवटवीत आपलंच होतं. आईनं सुस्कारा सोडला.

पुढच्या खोलीतून आत्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. यंत्र थांबवून ती हळूच म्हणाली, "मी तुझ्या आईला म्हटलं होतं, नको गं. ऐकेना. तुला सांगणार होते, पण ऐन परीक्षेत मायलेकींचं भांडण कोण लावणार? तुला काय, तुझी काडी माझ्यावर ओढून झाली होती." काडीला रडू आलं. आत्यानं तिच्या हातात एक चड्डी दिली आणि डोळे तिला पुसू नकोस, उद्या द्यायची आहे, म्हणून सांगितलं.

निकालापर्यंतचे दिवस काडीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. काजं करायला शिकली त्या दिवसांत, बऱ्यापैकी जमायलाही लागली, आणि जितकी चांगली जमली तितका तिचा धीर खचत गेला. निकाल लागला तेव्हा फलकापाशी बाबाच गेले. परत आले, हात धुतले, पुसले आणि म्हणाले, वह्यांसाठी कागद लागेल ना. पहिला वर्ग होता, अगदी काठावरचा. लेखी पेपरानं उचलून धरलं होतं. अमीबाबाईंकडून नंतर कळलं, की प्रयोगाच्या निष्पत्तीला परीक्षकांनी शून्य दिलं होतं आणि तोंडीला पैकीच्या पैकी.

त्या परीक्षकांचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही. अमीबाबाई सेवानिवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत सरकत राहिल्या. त्या वर्षापासून मात्र त्यांनी शाळेतलंच एक कपाट रिकामं करून त्याला कुलूप लावलं, आणि मुलींच्या आयांना किल्ली द्यायची नाही असा नियम केला. बेकरीवाल्याच्या मुलीनं बापाची भट्टी चालवली, दोन भावांना नीट कामाला लावलं आणि साठीत गुडघ्यांनी दगा दिला तेव्हाच थांबली. बाबा डेपोतून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. नखं शेवटपर्यंत काळी होती.

काडी जीवशास्त्र शिकली आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिनं बत्तीस वर्षं काम केलं. अंगानं मात्र काडीचा ओंडका झाला, असं आत्या म्हणायची. आत्या शेवटची दहा वर्षं तिच्याकडेच राहिली, दिसत नव्हतं तरी सुईत दोरा स्वतःच ओवायची.

आई सगळ्यांत जास्त जगली. नातवंडांच्या परीक्षा जवळ आल्या की ती त्यांना समोर बसवून सांगायची, की तुमच्या आईला पहिला वर्ग कसा मिळाला ठाऊक आहे का, झाड टवटवीत होतं म्हणून मिळाला, आणि ते कुणामुळे टवटवीत होतं ते विचारा तिला. काडीनं तिला कधीच खरं सांगितलं नाही. आत्या असेपर्यंत तिला मात्र नेमका त्याच वेळी खोकला यायचा, आणि आई गोष्ट मध्येच थांबवून तिला पाणी आणून द्यायची.